दाब कुठून येतो

रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर खाली गेलेली दिसली, की आमच्या धंद्यात 'गाडी बसली' म्हणतात. साताऱ्यातल्या माझ्या गॅरेजमध्ये आलेली ती जर्मन गाडी पहिल्याच रात्री बसली. पुढचं डावं चाक मडगार्डच्या इतकं आत गेलं होतं की मध्ये दोन बोटं शिरली नसती. बाकीचे तीन कोपरे जागेवर होते. खालची फरशी कोरडी होती, तेलाचा एक थेंब नव्हता.

हे सगळं मी त्या सकाळी पाहिलं होतं. पाहिलं आणि सोडून दिलं.

गाडीचे मालक तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. वयाने माझ्या वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना आप्पा म्हणतो. एका वर्षी बेदाण्याला बरा भाव मिळाला आणि त्यांनी मुंबईहून सतरा वर्षं जुनी गाडी उचलली. नवी असताना जिच्या किमतीत बंगला झाला असता, ती आता नव्या ट्रॅक्टरपेक्षा कमी पैशात मिळत होती. अशा गाड्या आमच्याकडे बऱ्याच येतात. घेताना स्वस्त पडतात, दुरुस्तीचं बिल मात्र नव्या गाडीच्या हिशेबाने येतं.

या गाड्यांत प्रत्येक चाकाच्या स्प्रिंगला जोडून एक छोटा हायड्रॉलिक जॅक असतो. इंजिनवर चालणारा पंप साधारण २०० बार दाबाने तेल पाठवतो. टायरमधली हवा दोन-अडीच बार असते, त्यावरून अंदाज करा. वळणावर गाडी कलायला लागली की कॉम्प्युटर व्हॉल्व्ह उघडतो, जॅकमध्ये तेल जातं आणि गाडी सरळ राहते. तेल आणि वायूवर गाडी तोलायची कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या सित्रोएनने १९५५ साली डीएस नावाची गाडी आणली, तिला चार चाकांपाशी चार लोखंडी गोळे होते. गोळ्याच्या आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला तेल. तेल दाबलं जात नाही, वायू दाबला जातो, म्हणून धक्का वायू खातो. १९६५ च्या रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोनेही सित्रोएनचा परवाना घेऊनच आपली उंची सांभाळली. आप्पांच्या गाडीतही असे गोळे होतेच, फक्त पंपापासून निघालेल्या लाइनवर, नजरेआड बसवलेले.

मी स्कॅनर लावला. दाबाचा आकडा स्थिर नव्हता, २०० वरून १५० वर, पुन्हा १९० वर असा उड्या मारत होता. इंजिन चालू असताना पंपाच्या बाजूने घुमल्यासारखा आवाजही येत होता. मी आप्पांना फोनवर सांगितलं, "पंप गेलाय." गाडीच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे पैसे पंपाला लागले. पंप बसवला, आवाज कमी झाला, गाडी उचलली. नवं तेल भरलेलं असल्यामुळे काही दिवस सगळंच बरं चाललं.

दुसऱ्या महिन्यात आप्पा आईला पुण्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. परतताना रात्री खंबाटकीच्या घाटात दाबाचा पाइप फुटला. या गाडीत त्याच पंपाच्या दुसऱ्या अर्ध्यावर पॉवर स्टीअरिंग चालतं आणि दोघांना तेल एकाच टाकीतून मिळतं. तेल रस्त्यावर गेलं, गाडी खाली बसली, स्टीअरिंग दगडासारखं झालं. मागून ट्रक येत होते. कशीबशी गाडी कडेला घेतली म्हणून निभावलं. क्रेनने गाडी माझ्या दारात आणली तेव्हा ऐंशी वर्षांच्या आजी क्रेनवाल्याच्या शेजारी बसून आल्या होत्या.

आप्पा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता काय बदलायचं ते सांगा."

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सांगलीला मामाकडे गेलो.

मामांचं वर्कशॉप माधवनगर रोडला आहे. जेसीबीचे सिलिंडर, ट्रॅक्टरची लिफ्ट, ऊसतोडणी यंत्रं, खडक फोडायचे ब्रेकर, जे तेलाच्या दाबावर चालतं ते तिथे येतं. टेंभू आणि ताकारी योजनांच्या कालव्यांची कामं चालू होती तेव्हा त्यांनी ब्रेकर इतके खोलले की मोजदाद नाही. आप्पांच्या गाडीसारख्या गाडीत ते कधी बसलेले नव्हते. मी आकडे सांगायला लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"पाइप नाचत हुता का?"

"बघितलं नाही मामा. दाब कमी-जास्त होत होता म्हणून पंप..."

"पंप दाब करत न्हाई रं. पंप निस्तं तेल ढकलतो. त्येला कुणीतरी अडवलं की मग दाब हुतो. आकडा हालतोय म्हंजे अडवणारा हालतोय."

मग त्यांनी ब्रेकरचं उदाहरण दिलं. ब्रेकरमध्येही नायट्रोजन आणि रबरी पडदा असतो. पडदा फाटला की पाइप उड्या मारायला लागतो आणि शेवटी फुटतो. कारण पंपाचा प्रत्येक ठोका खायला वायू उरत नाही, तो सरळ पाइपाला बसतो. ऑपरेटर दर वेळी पंपालाच शिव्या देतो.

"आन गाडी बसती कवा?" त्यांनी विचारलं.

"रात्री."

"रात्री पंप चालू असतो व्हय?"

मी गप्प.

"इहिरीवरची मोटर रात्री बंद केली, सकाळी पाणी उचलंना, तर मोटर बदलतोस का फूटव्हॉल बघतोस?"

१९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, पुढे तिथले पंप गावोगाव गेले, आणि आमच्या भागातल्या शाळकरी पोरालाही फूटव्हॉल कळतो. झडप गळली की रात्रभरात पाइपातलं पाणी खाली उतरतं, त्यात मोटरची चूक नसते. हे मला कळत होतं. पण समोर चकचकीत गाडी आणि हातात स्कॅनर आला की मी ते विहिरीवरच ठेवून येत होतो.

मामा एसटीने साताऱ्याला आले. आधी त्यांनी गाडीच्या चारी बाजूंना स्टँड लावायला लावले. अशी गाडी न सांगता खाली येते, माणूस खाली असला तरी येते. फुटलेल्या पाइपाच्या जागी तात्पुरता पाइप बसवला, तेल भरलं. मी दुसऱ्या जोडांना गळती आहे का म्हणून हात फिरवायला गेलो तेव्हा त्यांनी मनगट धरलं आणि हातात पुठ्ठा दिला. त्यांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच आहे. लहानपणी आम्हाला वाटायचं मशिनमध्ये सापडलं असेल. त्या दिवशी कळलं, सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आलेलं तेल बोटात शिरलं होतं. बाहेरून नुसता टोचल्यासारखा ठिपका होता, म्हणून ते दोन दिवस दवाखान्यात गेलेच नाहीत.

इंजिन चालू केलं. पंपाजवळचा पाइप थरथरत नव्हता, अक्षरशः नाचत होता. दोन महिन्यांपूर्वी बॉनेट उघडून मी पाच मिनिटं उभा राहिलो असतो तर मलाही दिसला असता.

इंजिन बंद केलं, दाब उतरवला आणि दाबाच्या लाइनवरचे गोळे काढले. गोळ्याच्या तोंडातून बोथट काडी आत घातली. पडदा धड असेल तर आतल्या वायूने तो तोंडाशी दाबलेला असतो आणि काडी तिथेच अडते. पहिल्या गोळ्यात काडी सरळ तळापर्यंत गेली आणि तेल बाहेर आलं. दुसऱ्यातही तेच. फिल्टर कापला तर घड्यांमध्ये रबराचा काळा चुरा. तोच चुरा पुढच्या व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, डाव्या चाकाचं तेल अडवून धरणाऱ्या झडपेत सापडला. रात्रभर तेल तिथून झिरपून टाकीत परत जात होतं. म्हणून एकच कोपरा बसायचा, म्हणून फरशी कोरडी असायची. पहिल्या सकाळी गाडीने सगळं सांगितलं होतं.

गोळे, फिल्टर, ओ-रिंग, नवा पाइप, ब्लॉकची सफाई. सगळं मिळून पंपाच्या पाव खर्चात झालं. जुना पंप कोपऱ्यात पडून होता. मामांनी तो हाताने फिरवून बघितला आणि म्हणाले, "ह्यो बरा हाय." जाताना मी विचारलं, आप्पांना सांगायचं का? ते म्हणाले, "ते तुझं तू बघ."

मी तासगावला गेलो. बागेच्या कडेला उभं राहून सांगितलं की पंप बदलायची गरज नव्हती, चूक माझी, पैसे तीन हप्त्यांत परत देतो. ते 'असू दे, असू दे' म्हणतील असं मनातून वाटत होतं. ते म्हणाले नाहीत. "तीन हप्त्यांत चालतील," म्हणाले. मग वेलीचं एक पान हातात घेऊन उलटं केलं. "भुरी पानाच्या वर दिसते. डावणी खालनं असते. एकीचं औषध दुसरीला मारलं तर बाग जाते आणि औषधवाला पैसे परत देत नाही. पान उलटून बघावं लागतं."

तिसरा हप्ता मागच्या दिवाळीत दिला. आप्पा अजून गाडी माझ्याकडेच आणतात.

आता अशी गाडी आली की मी पहिल्या दिवशी स्कॅनर लावत नाही. संध्याकाळी चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेप धरतो, चारी कोपऱ्यांचे आकडे खडूने फरशीवर लिहितो, टाकीतल्या तेलाची पातळी लिहितो आणि शटर खाली ओढतो. गिऱ्हाईक विचारतं, एक रात्र कशाला? मी म्हणतो, पंप झोपल्यावर बघायचंय.