अंगठ्याखालची गाठ

हस्तोपचाराचा धंदा करणाऱ्या माणसाचा अंगठा म्हातारा व्हावा ही काही अनपेक्षित घटना नव्हे, आणि तिच्याविषयी फिर्याद करण्याचा अधिकार मला तर मुळीच पोहोचत नाही. कारण अंगठ्याच्या टोकाने एक किलोचा दाब द्यावा तर त्याच्या मुळाशी, मनगटालगतच्या त्या इवल्याशा सांध्यावर, सुमारे बारापट भार पडतो, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृती काढून मी वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि खडू खाली ठेवून हात धुतले की त्याच अंगठ्याने पुढच्या रुग्णाच्या पाठीला भिडत आलो. गेल्या पावसाळ्यापासून मात्र कुलपात किल्ली फिरवताना, लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडताना तो सांधा आपली कैफियत मांडू लागला, आणि तासगावाकडच्या द्राक्षबागांतली फळछाटणी ऐन भरात येऊन मिरजेच्या आमच्या दवाखान्यात बाकावर जागा उरेनाशी झाली, नेमके त्याच दिवसांत बहुतेक काम मला माझ्या शिष्येच्या हवाली करावे लागले.

ज्यांना हा प्रदेश ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो की, द्राक्षाचा वेल माणसाच्या डोक्यावर, तारांच्या मांडवावर पसरलेला असतो, आणि एप्रिलात खरडछाटणी, ऑक्टोबराच्या सुमारास फळछाटणी, पुढे घडांची विरळणी, असा जो कामांचा सिलसिला चालतो तो मजुरांना, आणि त्यांत स्त्रियाच अधिक, हात वर व मान मागे टाकून दिवसच्या दिवस करावा लागतो. संध्याकाळी त्यांची मान आणि खांदा यांच्या मधला भाग लाकडासारखा होतो; बोट ठेवून त्या सांगतात, “हितं गाठ हाय बघा, डाक्टर.” रात्री कोणत्याही कुशीवर न थांबणारे दुखणे, कारणाशिवाय उतरलेले वजन, हातातून निसटणाऱ्या वस्तू, यांची शहानिशा आधी करावयाची असते, हे या धंद्यातल्या कुणालाही सांगायला नको, मी बोलतो आहे ते त्यानंतर उरणाऱ्या, म्हणजे बहुसंख्य, दुखण्यांविषयी, ज्यांत क्ष-किरणांच्या चित्रात काही दिसत नाही आणि बाईचा हात तर खांद्यावर जात नाही.

त्या गाठीने माझा उभा जन्म व्यापला आहे. पहिल्या चार ग्रीवा-मणक्यांपासून निघालेला एक चिंचोळा स्नायू, ज्याला आम्ही लिव्हेटर स्कॅप्युली म्हणतो, तो अंसफलकाच्या वरच्या आतल्या कोपऱ्यावर येऊन बसतो. त्याच्यावर ट्रॅपिझियस स्नायूची चादर असते आणि खाली फासळीची कडा. या तीन थरांत अंगठा आडवा फिरवला की दोरीसारखे काहीतरी सरकते, कधी उडी मारते, आणि रुग्ण म्हणतो, “हेच ते.” दाब धरून ठेवावा, श्वास सोडायला सांगावे, दोरी हळूहळू वितळल्यासारखी होते, मान वळते, रुग्ण उठून बसतो आणि कृतज्ञ डोळ्यांनी आपल्याकडे पाहतो. आता प्रश्न एवढाच की, जे वितळले ते काय होते?

हा प्रश्न मी अनेकांच्या दारी नेला. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या डॉ. जेम्स सायरियॅक्स यांच्या ग्रंथांवर माझी पिढी पोसली गेली. तंतूंच्या आडव्या दिशेने खोल घर्षण करावे म्हणजे चिकटलेले तंतू सुटे होतात, अशी त्यांची धारणा, आणि ती वाचली की अंगठ्याला जणू सनद मिळे. पुढे जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांचा १९८३ सालचा जाडजूड ग्रंथ हाती आला, ज्यात प्रत्येक स्नायूच्या गाठीचे ठिकाण फुलीने दाखवून त्या गाठीची कळ कुठवर जाते हे लाल ठिपक्यांनी रंगवले होते. या ट्रॅव्हेलबाई अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य होत्या, ही गोष्ट रुग्णांना सांगण्याचा मोह मी फारसा आवरला नाही. पण अनुभवी परीक्षकांना एकमेकांचे निष्कर्ष न कळवता तोच रुग्ण तपासायला दिला, तर गाठ नेमकी कुठे आहे याबद्दल त्यांचे एकमत होत नाही, असेही पुढे वारंवार छापून आले. आणि दाट, पक्व पेशीजालाचा आकार बदलायला जेवढे बळ लागावे तेवढे माणसाच्या अंगठ्यात बहुधा नाहीच, अशी गणितेही मांडली गेली. मी ती वाचली, पुस्तक मिटले आणि म्हटले, त्या परीक्षकांचे अंगठे कच्चे असतील.

आमचे एक वैद्यमित्र आहेत. सुश्रुताने सांगितलेल्या १०७ मर्मांपैकी ‘अंस’ नावाचे मर्म मान आणि बाहूचे मूळ यांच्या दरम्यानच आहे, त्याला इजा झाल्यास बाहू ताठतो असेही सुश्रुताने नमूद केले आहे, तेव्हा तुम्ही चाचपडता ती गाठ म्हणजे आमचे मर्मच, असा त्यांचा दावा. मर्म प्रत्येकाच्या शरीरात असते, गाठ मात्र दुखणाऱ्याच्याच शरीरात असते, तेव्हा दोन्ही एक कशी, असे बिनतोड उत्तर मी त्यांना अनेकदा दिले होते आणि ते देताना मला फार बरे वाटत असे.

या उत्तराचा निकाल माझ्या शिष्येने लावला. अंगठा आखडल्यावर रुग्णांना मी तपासावे, गाठ दाखवावी आणि दाब तिने द्यावा, अशी व्यवस्था ठरली. आठवडाभराने ती संकोचत म्हणाली, “सर, तुम्ही बोट ठेवता तिथं मला काहीच लागत नाही. दोन बोटं खाली लागतं.” मी म्हणालो, “अगं, हात तयार व्हायला वेळ लागतो.” ती गप्प बसली, पण दुसऱ्या दिवशी काजळाची पेन्सिल घेऊन आली. मी खूण करावी, तिने ती पारदर्शक कागदावर उतरवून घेऊन स्पिरिटने पुसावी, आणि आमच्या परिचारिकेने, जिला आमच्या वादात काडीचाही रस नव्हता, पुन्हा मलाच त्याच पाठीवर खूण करायला लावावी, अशी तिची युक्ती. माझी खूण तिच्या खुणेशी जुळली नाही याचे मला नवल वाटले नाही; माझी दुपारची खूण माझ्याच सकाळच्या खुणेशी जुळेना, याचे वाटले. आणि तिने एवढ्यावर न थांबता दुसरा, न दुखणारा खांदाही चाचपायला लावला: तिथेही तीच दोरी, तशीच सरकणारी, तशीच उडी मारणारी. फासळीच्या कडेवरून जाणारा निरोगी स्नायूदेखील हाताला दोरीसारखाच लागणार, हे शरीररचनेच्या पहिल्या वर्षात शिकलेले सत्य; पण अंगठ्याखाली दोरी आली की ते आठवत नसे. वैद्यमित्रांना हे अजून सांगितलेले नाही.

सर्वांत बोचणारी गोष्ट पुढेच आहे. तिने तिच्या खुणेवर दाब दिलेल्या बायका माझ्या खुणेवर दाब घेतलेल्या बायकांइतक्याच हलक्या होऊन एस.टी.ला गेल्या. म्हणजे दाब लागू पडतो, ठिकाण मात्र तितकेसे नेमके असावे लागत नाही. उबदार, सावकाश, अंदाज देत येणारा दाब मिळाला की मज्जासंस्था आपला पहारा सैल करते आणि स्नायू आवरून धरायचा थांबतो, असे आता विद्वान सांगतात. मला ते पटते. फक्त, तसे असेल तर माझ्या अंगठ्याला जे ‘दिसत’ होते ते काय होते, हा माझा प्रश्न कोणी विचारातच घेत नाही.

गोठलेल्या खांद्याची गोष्ट निराळी. बॉस्टनच्या कॉडमन यांनी १९३४ साली ज्याला हे नाव दिले तो आजार, मधुमेह्यांना विशेष गाठणारा, कित्येकदा वर्ष-दोन वर्षे मुक्काम ठोकणारा, हाताशी प्रामाणिक असतो: कोपर अंगाशी धरून बाहू बाहेर फिरवावा, तो जिथे थांबायचा तिथेच थांबतो, आणि दहा जणांनी तपासले तरी थोड्याफार फरकाने तिथेच थांबतो. माझ्या गाठीने असा सरळ व्यवहार कधीच केला नाही.

धंद्याचे म्हणाल तर त्याची सध्याची तऱ्हा मला रुचत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. जपानच्या केन्झो कासे यांनी १९७०च्या दशकात काढलेली चिकटपट्टी निळ्या-गुलाबी रंगांत पोरांच्या गुडघ्यांवर झळकते. यंत्राच्या दोन गाद्या पाठीवर ठेवून उपचारक बाहेर मोबाइल पाहत बसतो. आणि मानेचा ‘कट्’ असा आवाज काढून हाड जागेवर बसवल्याचे चित्रण गावोगाव पाहिले जाते. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी निर्माण होण्याशी निगडित असतो, हाडे कुठेही गेलेली नसतात नि कुठेही बसत नाहीत. जुन्या तालमीतला वस्ताद, जो तेल लावून पैलवानाचे अंग रगडी, त्याच्याजवळ शास्त्र नव्हते, पण पुढच्या माणसाला तासभर हात लावायची तयारी होती. आजच्या पदवीधराजवळ शास्त्र आहे, वेळ नाही. माझी शिष्या म्हणते, “सर, वस्तादाकडेही पैलवान सोडून कुणी जात नव्हतं, आणि बायका तर नाहीच.” तिचे खरे आहे, तरी माझे मत पूर्वीचेच आहे.

पण तो ‘कट्’ आवाज मलाही आवडत असे, हे कबूल केलेच पाहिजे. त्याचा अर्थ मला ठाऊक होता, रुग्णाला नव्हता, आणि आवाजानंतर त्याच्या चेहऱ्यावर पसरणारा विस्मय मी निमूटपणे स्वीकारत असे. याहून मोठी हौस दुसरीच: रुग्णाने तोंड उघडण्यापूर्वी अंगठा ठेवून “इथेच ना?” म्हणण्याची. मान-खांद्याच्या त्या पट्ट्यात जवळजवळ कुणालाही, कुठेही दाबले तरी तो “हो” म्हणतो, हे मला आताच कळले असे सांगणे खोटेपणाचे होईल. परगावची माणसे मिरजेतली सतारमेकर गल्ली विचारावी तसा माझा दवाखाना विचारत येत, “हाताला डोळे आहेत” असे म्हणत. ते ऐकून मी कधीच मान हलवून नकार दिला नाही.

आता माझा अंगठा पट्ट्यात आवळलेला असतो आणि गरज पडली तर मी कोपराने दाब देतो. कोपराला काहीच दिसत नाही, आणि रुग्ण तरीही बरे होतात. तरी चाळा सुटत नाही. शिष्या घरी गेली की मी स्वतःच्याच खांद्याच्या कोपऱ्यावर बोट फिरवून पाहतो. ज्या सहव्यवसायी मंडळींनी एकाच पाठीवर, न पाहता, सकाळ-संध्याकाळ आपली खूण आपल्याच खुणेशी ताडून पाहिली असेल, त्यांनी ती कितपत जुळली हे मला कळवावे. न जुळलेल्यांनी तर अवश्य कळवावे. त्यांची नावे मी कुणाला सांगणार नाही.