एमडी म्हणजे कोण?

एम आणि डी ही दोन इंग्रजी अक्षरे कानावर पडली की मनात काय येईल, हे ऐकणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते. अमरावतीत दवाखान्याच्या पाटीसमोर उभा असेल तर एमडी म्हणजे मोठा डॉक्टर. साखर कारखान्याच्या दारात असेल तर ‘एमडी साहेब’, म्हणजे व्यवस्थापकीय संचालक. विज्ञानाच्या तासाला ते मेंडेलेव्हियम नावाचे मूलद्रव्य असते. त्याचा अणुक्रमांक 101. 1955 साली अमेरिकेत बर्कले येथे ते तयार झाले आणि आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्ह यांचे नाव त्याला मिळाले. रोमन आकडे शिकणारा मुलगा एमडी म्हणजे 1500 असे सांगेल. अमेरिकेतल्या नातेवाइकाला पत्र धाडणाऱ्याला मेरीलँड राज्य आठवेल. आणि आम्ही शिक्षक हजेरीपट उघडतो तेव्हा एमडी म्हणजे मोहम्मद.

आम्ही गुरुकुंज मोझरीच्या परिसरात शिकवतो, उर्दू आणि मराठी दोन्ही. त्यामुळे एकच नाव दोन-तीन लिप्यांमधून प्रवास करताना रोज दिसते. उर्दूत हे नाव लिहायला चार अक्षरे लागतात : मीम, हे, मीम, दाल. लेखणी कागदावर टेकवली की न उचलता नाव पूर्ण होते. म्हणून उर्दूत ते छोटे करण्याची गरजच पडत नाही. इंग्रजीत मात्र त्याची आठ अक्षरे होतात, शिवाय प्रत्येक जण ती वेगळी लिहितो. उत्तर प्रदेशात ‘एमओएचडी’, बिहार-बंगालमध्ये ‘एमडी’, बांगलादेशात बंगाली लिपीतला ‘मो’ आणि पुढे विसर्ग. आपल्या वऱ्हाडात ‘मो.’

वऱ्हाडातली मतदार यादी किंवा वर्तमानपत्रातली निधन वार्ता वाचा. शेखचे ‘शे.’, सय्यदचे ‘सै.’, अब्दुलचे ‘अ.’, मोहम्मदचे ‘मो.’ मुलाच्या नावात एकदा आणि वडिलांच्या नावात पुन्हा एकदा. लग्नपत्रिकेत तर गंमत होते. निमंत्रकाच्या नावाआधी ‘मो.’ आणि त्याच्या खालच्या ओळीत मोबाईल क्रमांकाआधीही ‘मो.’!

नाव छोटे करण्यामागे दोन कारणे सांगितली जातात. पहिले कारकुनाचे : रकाना लहान, नावे लांब, काम फार. दुसरे अदबीचे. जुन्या लोकांकडून आम्ही ऐकले आहे की लिहिलेला कागद उद्या कुठे पडेल, कुणाच्या पायाखाली येईल, पुडी बांधायला जाईल, याचा नेम नसतो. तेव्हा ते मुबारक नाव पूर्ण न लिहिलेलेच बरे. या भावनेचा आम्हाला आदरच आहे. पण अदबीची दुसरी बाजूही आपल्याच परंपरेत आहे. हदीसशास्त्राचे मोठे विद्वान इब्न सलाह (वफात हिजरी 643) यांनी विद्यार्थ्यांना ताकीद दिली होती की प्रेषितांचे नाव आले की दरूद प्रत्येक वेळी पूर्ण लिहा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, अक्षरांच्या खुणेवर भागवू नका. मुलाचे नाव म्हणजे दरूद नव्हे, आणि आम्ही काही फतवा देत नाही. एवढेच म्हणायचे आहे की पूर्ण लिहिणे हीसुद्धा अदबच आहे.

भाषेचा शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट जाणवते. मोहम्मद या शब्दाचे मूळ ‘हम्द’ आहे. हम्द म्हणजे स्तुती, आणि मोहम्मद म्हणजे ज्याची पुष्कळ स्तुती केली जाते तो. एमडी लिहिताना पहिला मीम राहतो, शेवटचा दाल राहतो आणि मधला ‘ह’ गळतो. ‘ह’ गेला की हम्द गेली. उरतात ती नुसती दोन टोके.

इतकी वर्षे यावाचून कुणाचे काही अडले नव्हते, हेही खरे. कारण संक्षेप हा ओळखीच्या माणसांमधला करार असतो. पत्रावर ‘मु. पो. गुरुकुंज मोझरी, ता. तिवसा, जि. अमरावती’ असे लिहिले की मु. म्हणजे मुक्काम आणि पो. म्हणजे पोस्ट हे पोस्टमनला सांगावे लागत नाही. तसेच गावच्या पोस्टमनला, तलाठ्याला, गुरुजींना ‘मो.’ म्हणजे काय ते ठाऊक होते. लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांना ओळखत होते, म्हणून अर्धे नाव पूर्ण वाचले जाई.

आता वाचणारा बदलला आहे. आता नाव यंत्र वाचते आणि यंत्राला ओळख नसते. शाळांमध्ये मुलांचे ‘अपार’ ओळखपत्र काढायचे काम आले, तेव्हा हे लख्ख दिसले. यु-डायसमधले नाव आणि आधारवरचे नाव अक्षरन् अक्षर जुळले तरच गाडी पुढे सरकते. समजा, एका मुलाच्या जन्मदाखल्यावर ‘एमडी’ आहे, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात ‘मो.’ आहे, आधारवर ‘मोहम्मद’ आहे आणि बँकेच्या पासबुकावर ‘एमओएचडी’. आपल्यासाठी हा एकच मुलगा. यंत्रासाठी चार. त्यातच ‘एमओएचडी’चे मराठी करताना यंत्र ‘मोहद’ असा शब्द तयार करते, ज्याला काही अर्थच नाही. शिवाय आपल्याकडे आडनावाची रीत सगळीकडे नाही. अर्जात आडनाव, नाव, वडिलांचे नाव असे तीन रकाने असतात. एका अर्जात मोहम्मद आडनावाच्या रकान्यात जातो, दुसऱ्यात नावाच्या.

मजुरीवर जाणारे एक पालक कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आले होते. मुलाची शिष्यवृत्ती नाव न जुळल्यामुळे अडकली होती. एकेक कागद पुढे ठेवत ते म्हणाले, “सर, नाम तो एकच है. लिखनेवाले अलग-अलग थे.” त्या दुरुस्तीसाठी त्यांच्या मजुरीचे चार दिवस बुडाले. चूक त्यांची नव्हती. त्यांना लिहिता येत नव्हते. प्रत्येक खिडकीवर त्यांनी तोंडाने पूर्ण नाव सांगितले होते आणि प्रत्येक खिडकीने आपल्या सोयीने ते कापले होते.

याहून कडू अर्थ गेल्या काही वर्षांत या दोन अक्षरांना चिकटला आहे. मेफेड्रोन नावाच्या अमली पदार्थालाही ‘एमडी’च म्हणतात. 2015 साली केंद्र सरकारने तो अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत घातला. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे आणि कुरकुंभ येथे त्याचा मोठा साठा पकडला गेला, तेव्हा कितीतरी दिवस वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत ‘एमडी’च होते. मुले बातम्या ऐकतात. एका वर्गात हजेरीच्या वेळी ‘एमडी’ म्हणताच मागच्या बाकावरून आवाज आला, “पकडा, पकडा, एमडी सापडला!” वर्ग हसला. हसणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. ती मुले त्याचीच मित्र होती. पण तो मुलगा मधल्या सुट्टीत आला आणि हळूच म्हणाला, “सर, मला नुसत्या पुढच्या नावाने हाक मारा. ते आधीचे नका घेऊ.”

ज्या नावासाठी त्याच्या आजीने दुआ मागितली असेल, अकिक्याच्या दिवशी जे नाव सर्वांसमोर घेतले गेले असेल, ते नाव पोराला लपवावेसे वाटावे? दुसऱ्या दिवशी आम्ही हजेरीत प्रत्येक मुलाचे पूर्ण नाव घेतले आणि ज्याने त्याने आपल्या नावाचा अर्थ घरून विचारून यावे असे सांगितले. ज्ञानेश्वर, आयेशा, सिद्धार्थ, मोहम्मद, सगळ्यांचे अर्थ फळ्यावर लिहिले. ‘ज्याची पुष्कळ स्तुती होते तो’ हा अर्थ ऐकून मागच्या बाकावरचाच मुलगा म्हणाला, “सर, हे तर भारी नाव आहे.” पुन्हा कुणी चिडवले नाही.

मोझरीत राहून नावाविषयी आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. 1935 साली येथे गुरुकुंज आश्रम उभारणाऱ्या तुकडोजी महाराजांचे मूळ नाव माणिक. आडकोजी महाराज या त्यांच्या गुरूंनी त्यांना ‘तुकड्या’ म्हटले आणि स्वतः महाराजांनी ‘तुकड्यादास’ हे नाव आनंदाने मिरवले. माणूस नम्रतेने स्वतःला लहान म्हणवून घेतो, तेव्हा तो मोठाच होतो. दुसऱ्याने घाईत त्याचे नाव कापणे ही गोष्ट वेगळी. नागपूर विद्यापीठाला 2005 साली महाराजांचे नाव मिळाले, आणि आता बातम्यांत त्या लांबलचक नावाचे ‘रातुम’ झाले आहे. आमच्यासोबतचे एक गुरुदेवभक्त शिक्षक हे वाचून हळहळतात. आमचे दुखणे त्यांना न सांगता कळते, आणि त्यांचे आम्हाला.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. डॉक्टर, साहेब आणि मूलद्रव्य यांनी खुशाल एमडी लिहावे. मुलाचे नाव मात्र जन्मनोंदणीच्या वेळीच पूर्ण लिहून घ्या. 1 ऑक्टोबर 2023 पासून नवा कायदा लागू झाला आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखला हाच आधाराचा कागद आहे. नाव ठरले नसेल तर नोंद नावाशिवायही होते आणि वर्षभराच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. त्यामुळे घाईत ‘एमडी’ लिहून येण्याचे कारण नाही. इंग्रजी स्पेलिंग घरात एकदाच ठरवा, कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येक खिडकीवर तोच कागद दाखवा. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, हे लक्षात असू द्या. शाळेच्या रजिस्टरात दुरुस्ती करायची असेल तर मूल शाळेत शिकत आहे तोवरच मुख्याध्यापकांना भेटा. दाखला घेऊन शाळा सोडल्यावर ही वाट फार अवघड होते. आणि आम्हा शिक्षकांना हक्काने सांगा की नाव जसे आहे तसेच लिहा. आम्हाला चार अक्षरे जास्त लिहावी लागतील, एवढेच.

या उन्हाळी सुट्टीत एखाद्या दुपारी घरातले सगळे कागद चटईवर मांडून बसा. मुलांनाच वाचायला लावा. कुठे काय वेगळे लिहिले आहे ते तीच चटकन सांगतील. वाचता वाचता त्यांना नावाचा अर्थही सांगा.