पासबुकातले सव्वानऊ लाख

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला संस्थेत खजिनदार करतात आणि मग हिशेबाची काळजी सगळ्यांनीच सोडून देतात. आमच्याकडे तेच झालं. भोपाळच्या जुन्या शहरापलीकडे, युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्याच्या आसपासच्या वस्त्यांतल्या अपंग मुलांसाठी आमची छोटी संस्था फिजिओथेरपी आणि शिकवणी चालवते. कार्यकारिणीत काही आम्ही मराठी, बाकीचे इथलेच. नोकरीत मी कधी एका रुपयाची चूक केली नव्हती. संस्थेत केल्या त्या चुका बेरीज-वजाबाकीच्या नव्हत्या, म्हणून बराच काळ कुणाच्या लक्षातच आल्या नाहीत.

पहिल्या मार्चअखेरीस पासबुकात सव्वानऊ लाख होते. मी बैठकीत सांगितलं, वर्ष आरामात निघेल, आणखी दोन मदतनीस घ्या. खात्यात पैसे आहेत ना, एवढंच बघायची मला सवय. ते कशासाठी आलेत हे विचारायचं काम बँकेत माझ्याकडे कधी आलंच नव्हतं. त्यातले सहा लाख एका कंपनीने आदल्याच आठवड्यात सीएसआरमधून दिले होते, फक्त उपकरणं आणि एका थेरपिस्टच्या पगारासाठी. एक लाख कॉर्पस होता. पत्नीच्या स्मरणार्थ एका आजोबांनी दिलेला, मुद्दलाला हात लावायचा नाही असं लिहून. थकलेलं भाडं, ऑडिटची फी, भरायचा टीडीएस वजा केला की मोकळे उरत होते जेमतेम पावणेदोन लाख, म्हणजे आमचा दोन महिन्यांचा पगार.

दिवाळीपर्यंत मदतनिसांचे पगार उपकरणांच्या पैशातून गेले होते. पैसे कुणी खाल्ले नाहीत, सगळे मुलांच्याच कामी आले, हे खरं. पण त्या पैशातून घ्यायचे, चालण्याच्या सरावाचे पॅरलल बार आले नाहीत. थेरपिस्टने जागा मोजून फरशीवर खडूने दोन रेघा मारून ठेवल्या होत्या, बार इथे बसवायचे म्हणून. सेरेब्रल पाल्सी असलेला आमचा एक मुलगा महिनोन्‌महिने बाकाची कड धरून चालायचा सराव करत राहिला. बाक एकाच बाजूला, त्यामुळे सगळा भार एकाच हातावर यायचा. कंपनीने उपयोगिता प्रमाणपत्र मागितलं तेव्हा सीए म्हणाले, यावर मी सही करू शकत नाही. त्यांचं बरोबर होतं. आम्ही कंपनीला सगळं खरं लिहून कळवलं, मुदत वाढवून मागितली आणि कार्यकारिणीतल्या चौघांनी घरचे पैसे घालून ती रक्कम भरून काढली. बार त्यानंतर आले.

त्याच सहा लाखांनी आणखी एक घोळ झाला. आयकराच्या नियमाप्रमाणे धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के त्याच वर्षात आपल्या कामावर खर्च करायचे असतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेले पैसे पाच दिवसांत कसे खर्चणार? त्यासाठी सोय आहे. कशासाठी राखून ठेवतोय ते स्पष्ट लिहून मुदतीत फॉर्म 10 भरला की ते पाच वर्षांपर्यंत वापरता येतात. तो फॉर्म असतो हेच मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

विचारलं नाही, हे इतर ठिकाणीही नडलं. माझं अर्धं आयुष्य नागपुरात गेलेलं, संस्था म्हटली की धर्मादाय आयुक्त एवढंच डोक्यात. मध्य प्रदेशात सोसायटीचा कारभार 1973 च्या वेगळ्या कायद्याने चालतो, कार्यालय फर्म्स अँड सोसायटीजच्या रजिस्ट्रारचं. कलम 27 खाली दरवर्षी कार्यकारिणीची यादी, कलम 28 खाली तपासलेले हिशेब. आमच्या निवडणुका वेळेवर झाल्या, यादी गेली नाही, आणि नव्या अध्यक्षांची सही बँकेने मान्य केली नाही. माझ्याच जुन्या सहकाऱ्याने कागद परत केले.

परदेशी पैशाच्या बाबतीत तर भोपाळमध्ये राहून अजाण राहण्याला सबब नाही. 1996 साली गॅसपीडितांसाठी सुरू झालेलं संभावना क्लिनिक ब्रिटनमधल्या असंख्य लहान देणगीदारांच्या आधाराने चाललं. गॅसपीडितांच्या लढ्यातल्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी 2004 च्या गोल्डमन पारितोषिकाच्या रकमेतून चिंगारी ट्रस्ट उभा केला. इथल्या सामाजिक कामातल्या कुणालाही एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, हा शब्द नवा नाही. तरीही आमच्या एका सदस्याच्या न्यू जर्सीतल्या भाच्याने पुण्यातल्या खात्यातून रुपयांत पन्नास हजार पाठवले, तेव्हा मी आनंदाने पावती फाडली. रुपये आहेत, भारतातली बँक आहे, मुलगा आपलाच आहे. पण त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं होतं. कायद्याच्या लेखी तो परदेशी स्रोत, मग पैसा कुठल्याही चलनात येवो, आणि आमची एफसीआरए नोंदणी नव्हती. भारतीय पासपोर्ट ठेवून तिथे नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून दिले असते तर अडचण नव्हती. मे महिन्यात देणगीदारांचं विवरण, म्हणजे फॉर्म 10बीडी भरताना सीएंनी हे पकडलं. पैसे परत गेले. आता पावती करण्याआधी आम्ही नागरिकत्व विचारतो. नातेवाइकांना ते लागतं, तरी विचारतो.

सगळ्यात जास्त मनाला लागलेली गोष्ट माणसांची आहे. आम्ही सगळ्यांना मानदेय द्यायचो. नेमणुकीचं पत्र नाही, रजेचा हिशेब नाही. हजेरीपटावर मात्र रोज नऊ ते पाचच्या सह्या. मी ज्या दोन मदतनीस घ्यायला लावल्या, त्यांनी आमची संख्या आठावरून दहावर गेली आणि ग्रॅच्युइटीचा कायदा लागू झाला. पुढे माणसं कमी झाली तरी तो सुटत नाही. दहा झाले की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही नेमावी लागते, तीही आमच्याकडे नव्हती.

मुलांना उचलून आणणारी, त्यांचं शी-शू काढणारी एक बाई सात वर्षांनी काम सोडून लेकीकडे बेरसियाला राहायला निघाली. जाताना तिने विचारलं, ‘‘दीदी, हमारा कुछ जमा है क्या?’’ मी सांगितलं, मानदेयावर ग्रॅच्युइटी नसते. इतक्या खात्रीने सांगितलं की तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. ते चुकीचं होतं. शेवटच्या पगाराला सव्वीसने भागून पंधराने गुणायचं, अशी रक्कम सात वर्षांची तिच्या हक्काची होती. कळल्यावर आम्ही ती व्याजासह पोचवली, पण मधल्या काळात लेकीच्या बाळंतपणासाठी तिने कर्ज काढलं होतं.

आता दर महिन्याच्या बैठकीत मी पासबुकातला आकडा सांगतच नाही. आधी अटींनी बांधलेले पैसे, मग देणी, मग ग्रॅच्युइटीची तरतूद, आणि शेवटी मोकळी रक्कम. ती ऐकून नवे सदस्य नाराज होतात. तरतूद अजून निम्मीच झाली आहे. करोंदला दुसरं केंद्र उघडायचा प्रस्ताव गेल्या बैठकीत आला होता. तरतूद पुरी होईपर्यंत मी त्यावर सही करणार नाही असं सांगितलं, आणि तसं इतिवृत्तात लिहून घेतलं.