आप्पांसाठी घेतलेला जुना आयपॉड

आप्पांच्या खात्यातून ३८ हजार रुपये गेले, त्याला आता दीड वर्ष होईल. पीएम किसानच्या नावाची एक फाईल व्हॉट्सॲपवर आली, तीही ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून. आप्पांनी दाबली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला सांगितलं, तेव्हा मी १९३० वर फोन लावला. पण अशा प्रकरणात पहिले काही तासच कामाचे असतात, हे मी स्वतः बातम्यांमधून चारदा लिहिलेलं. आपल्याच घरात उपयोग झाला नाही.

पैसे परत आले नाहीत. आप्पांनी मात्र त्याच संध्याकाळी फोन माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "हे नगं मला. साधा बटणाचा आण."

बटणाचा आणला. पण फोनबरोबर गाणीही गेली. आमच्याकडं शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीत आप्पा विहिरीवर मोटर चालू करून बांधावर बसतात. आधी सोबत रेडिओ असायचा, आकाशवाणी सांगली. मग मुलाच्या कृपेने यूट्यूब आलं. भीमसेनांची संतवाणी, प्रल्हाद शिंदे, शाहीर साबळे. आता अंधारात नुसता मोटरचा आवाज. म्हटलं, ज्याला नेट नाही, ओटीपी नाही, ज्यात कुणाची फाईल येऊ शकत नाही, असं गाणी वाजवायचं यंत्र घ्यावं.

ही झाली लोकांना सांगायची बाजू. खरी बाजू अशी की २००४ साली पुण्यात डिप्लोमा करताना वर्गातल्या एका मुलाकडं आयपॉड होता. त्यानं मला एकदा पाच मिनिटं कानाला लावायला दिला. नंतर पहिली नोकरी लागली ती साडेतीन हजारांवर. ती पाच मिनिटं वीस वर्षं डोक्यात राहिली. वडिलांच्या नावावर मी माझी हौस भागवली, असं बायको म्हणते. तिचं फारसं चुकत नाही.

नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. पहिला आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ ला आला, ५ जीबीचा, खिशात हजार गाणी अशी जाहिरात होती. मी घेतला तो 'क्लासिक', २००९ चं १६० जीबीचं मॉडेल. चाळीस हजार गाणी मावतात असं कंपनी सांगायची. १४० ग्रॅम वजन, मध्ये गोल चक्र, त्यावर बोट फिरवायचं. २०१४ मध्ये क्लासिक बंद झाला, आणि २०२२ च्या मे महिन्यात आयपॉड हे नावच कंपनीनं संपवलं. म्हणजे आता बाजारात जे काही आहे ते जुनंच.

पुण्यातल्या एका विक्रेत्याकडून साडेसहा हजाराला घेतला. जुनी वस्तू घेताना आपण गाडी घ्यायला गेल्यासारखे टायरला लाथ मारून बघतो, तसं इथं करून भागत नाही. आधी कानाशी धरून ऐका. आत कॉम्प्युटरसारखी फिरणारी छोटी हार्ड डिस्क असते. टक् टक् आवाज आला तर ती मरायला टेकली आहे. मग हेडफोनची पिन घालून हलकेच फिरवा. एका कानातला आवाज जात असेल तर सॉकेट खराब. वरची होल्डची पट्टी सरकवून बघा. आणि एक गोष्ट मला नंतर कळली, ती तुम्हाला आधी सांगतो. मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून ठेवलं की यंत्र बंद होऊन चालू होतं. लगेच मधलं बटण आणि मागचं गाणं लावायचं बटण दाबून धरलं की तपासणीचा पडदा उघडतो. तिथं डिस्क किती तास चालली आहे, किती जागा खराब झाल्यात, सगळा पंचनामा दिसतो. विक्रेता तोंडाने काही सांगो, हा पडदा आधी वाचा. तो दाखवायला कुणी नाही म्हणालं तर पैसे खिशात ठेवून सरळ एसटी पकडा.

माझी डिस्क ठीक निघाली. बॅटरी नाही. "बॅटरी एकदम ओके" म्हणून सांगितलेलं यंत्र पहिल्या दिवशी अडीच तासांत बंद पडलं. नवीन असताना हे ३६ तास चालायचं. विक्रेत्याची लबाडी किती आणि काळाचा गुण किती, हे सांगणं अवघड आहे, कारण लिथियमची बॅटरी नुसती कपाटात पडून राहिली तरी म्हातारी होते. न वापरलेला, डबाबंद पीस म्हणून कुणी दुप्पट भाव सांगितला तरी आतली बॅटरी तितक्याच वयाची आहे हे लक्षात ठेवा. फुगलेली असेल तर काच किंवा पाठ किंचित उचललेली दिसते. असलं यंत्र फुकटसुद्धा घेऊ नका, चार्जिंगला तर लावूच नका.

आमच्या स्टँडसमोरच्या मोबाईलवाल्यानं बॅटरी बदलून द्यायचं कबूल केलं. अर्धा तास झटला. पाठीचा पत्रा आतल्या खिट्ट्यांत असा बसवलाय की पातळ पाती घालून उचकटावा लागतो. शेवटी एक कोपरा वाकला. घाम पुसत तो म्हणाला, "साहेब, हा उघडायसाठी बनवलेलाच नाही."

हे वाक्य मला त्या यंत्रापेक्षा महाग वाटलं. आमच्या भागात पाण्याची मोटर जळली तर कुणी नवीन घेत नाही, भरून आणतो. तांब्याची तार, दोन दिवस, मोटर पुन्हा विहिरीवर. मोटर भरणारा प्रत्येक बाजाराच्या गावात आहे. आणि शहरातल्या हजारोंच्या वस्तूला मात्र एक बॅटरी बदलायला पत्रा वाकवावा लागतो. केंद्राच्या ग्राहक खात्यानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. त्यात मोबाईल आहेत तशी शेतीची अवजारंही आहेत. युरोपात २०२७ पासून छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम लागू होतोय. आपल्याकडं अजून पोर्टल आहे. ट्रॅक्टरवाल्या मित्रांनी एकदा उघडून बघावं, मग बोलू.

असो. नवी बॅटरी ९०० रुपयांची. तीही कुठल्या कारखान्यातली, देव जाणे. पण आता आठवडाभर जाते. काही लोक डिस्क काढून तिच्या जागी एका अडॅप्टरवर मेमरी कार्ड बसवतात. वजन कमी होतं, फिरणारं काही उरत नाही, त्यामुळं पडलं तरी भीती कमी आणि बॅटरीही जास्त पुरते. पण साडेसहा हजारांच्या वस्तूवर आणखी तीन-चार हजार घालायचे की नाही, हे आपापल्या बायकोला विचारून ठरवावं.

गाणी भरणं ही दुसरी कसरत. पेनड्राईव्हसारखं ओढून टाकलं की वाजलं, असं नाही. आयट्यून्स लागतं. केबल रुंद, जुन्या पद्धतीची, ती आता कुणाच्या घरात नसते. ब्लूटूथ नाही. महिन्याचे पैसे भरून ऐकता ती ॲपमधली गाणी यात येत नाहीत, गाणं स्वतःच्या मालकीचं पाहिजे. मग शोधाशोध सुरू झाली. आपल्याकडं पूर्वी पन्नास रुपयांत मेमरी कार्ड भरून देणारे होते. ती चोरीच होती आणि आपण सगळे तिचे गिऱ्हाईक होतो, मीसुद्धा. यावेळी माळ्यावरच्या एमपीथ्री सीड्या काढल्या, एकेका सीडीत शंभर-शंभर गाण्यांच्या, त्या काळी पैसे देऊन घेतलेल्या. लॅपटॉपला सीडीची खाच नाही, म्हणून बंद पडलेल्या सायबर कॅफेच्या मालकाकडं जाऊन दोन रविवार बसलो. साडेसातशे गाणी निघाली. तीस टक्के सीड्या वाचल्याच नाहीत.

मग एवढा खटाटोप कशासाठी? २०२० मध्ये गूगल प्ले म्युझिक बंद झालं. २०२४ च्या जानेवारीत रेसो गेलं, त्याच वर्षी विंक गेलं. माझी विंकवरची यादी, सहा वर्षं जमवलेली, गेली म्हणजे गेली. गाणी दुसरीकडं आहेत हो, पण ती यादी माझी होती. आणि धंद्यामुळं माझा फोन रात्री बारापर्यंत वाजतो. गाणं सुरू असताना वर 'अपघात, दोन ठार' अशी पट्टी येते, की गाणं संपलं. ह्या यंत्रात बातमी येत नाही. पत्रकारानं हे म्हणू नये, पण फार बरं वाटतं.

आता ज्या कारणासाठी लिहायला बसलो ते.

गाणी भरायच्या आधी यंत्र चाळत होतो. जुन्या मालकाची अकराशे गाणी तशीच. 'सर्वाधिक वाजलेली २५' अशी एक यादी यंत्र आपोआप करतं, ती उघडली. वरती इंग्रजी रॉक, मध्येच एक अभंग, मग दोन भावगीतं, पुन्हा रॉक. कुणाचं तरी पत्र उघडून वाचतोय असं वाटलं. तरी वाचलं. मग एक्स्ट्रामध्ये गेलो तर कॉन्टॅक्ट्स. ३१२ नावं, नंबरांसकट. आई, आत्या, गॅसवाला, डॉक्टर, ऑफिसातले लोक. कॅलेंडरमध्ये 'पप्पा चेकअप', 'एलआयसी'. आयट्यून्समध्ये तशी निवड केली की कॉम्प्युटरवरून हे सगळं आत जायचं, आणि माणूस विसरून जायचा.

विक्रेत्याला फोन केला. तो सहज म्हणाला, "तेवढं फॉरमॅट करायचं राहून गेलं. अजून चाळीसेक पीस पडलेत, तसेच असतील." भंगारात किलोवर आलेला माल. आप्पांचा नंबर त्या चोरांना कुठून मिळाला हे मला कधीच कळणार नाही, आणि तो अशाच एखाद्या यंत्रातून मिळाला असं मी म्हणणार नाही. पण चाळीस यंत्रं गुणिले तीनशे नावं हा हिशेब मी त्या रात्री केला. घरातलं जुनं काहीही विकताना, भंगारवाल्याला देताना, पोराला खेळायला देतानासुद्धा, आधी आतलं पुसा. गाण्याचं यंत्र आहे, यात काय असणार, असं समजू नका.

मी लगेच सगळं पुसलं. फक्त 'घर' असा एक लँडलाईन नंबर होता, तो कागदावर लिहून ठेवला.

आप्पांना यंत्र दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं. "आरं, ह्याला दाबायचं का फिरवायचं?" दोन्ही, म्हटलं. फिरवून बघितलं तर चक्राला त्यांचं बोट कळेना. साठ वर्षं खुरपं आणि दोर धरलेली बोटं, कातडी चामड्यासारखी. ते चक्र मऊ बोटांसाठी केलंय. मेनू मराठीत नाही. अंधारात एकदा बांधावरून हातातून पडलं, सुदैवानं गवतात. चौथ्या दिवशी परत आणून दिलं. "तुझं तुला."

आप्पांच्या बटणाच्या फोनमध्येच मेमरी कार्डाची खाच होती. हे मला आधी सुचलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल; सुचलं होतं, पण सांगितलं ना, वीस वर्षांची पाच मिनिटं. ८ जीबीचं कार्ड घेतलं, तीच साडेसातशे गाणी टाकली, तीनशे रुपयांत काम झालं. म्हाताऱ्या माणसासाठी विचारत असाल तर हेच करा. स्वतःसाठी आणि स्वस्तात हवा असेल तर सॅनडिस्कचा जुना क्लिप प्लस बघा: आगपेटीएवढा, कार्ड बसतं, एफएम आहे, आयट्यून्सची कटकट नाही. आयपॉड क्लासिक घ्यायचाच असेल तर हौस म्हणून घ्या, बॅटरीचे पैसे वेगळे धरा, आणि विक्रेत्याकडून कागदावर पावती घ्या. मी घेतली नव्हती.

तो लँडलाईन नंबर आठ दिवस टेबलावर पडून होता. आप्पाच रोज विचारायचे, "लावलास का फोन त्या लोकांस्नी?" शेवटी लावला. मला वाटलं बंद असेल, पण एका बाईंनी उचलला. आधी त्यांना मीच फसवणारा वाटलो, आणि त्यांचं बरोबरच होतं. नाव-गाव, पेपर सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, दादाचा होता तो. दादा कॅनडात. घर रंगवताना माळा रिकामा केला, त्यात गेला असेल. मग थोडं थांबून विचारलं, "गाणी आहेत का हो त्यात अजून?"

पुसली, म्हणून सांगितलं. नंबर होते ना सगळ्यांचे, म्हणून पुसलं. "बरंच केलंत," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी त्यांचा मेसेज आला. दादा विचारतोय, ती पंचवीस गाण्यांची यादी तरी लिहून ठेवली आहे का?

लिहून ठेवली नव्हती. त्या रात्री वही घेऊन बसलो. आठवून आठवून अकरा नावं जमली, त्यातल्या दोनांबद्दल खात्री नाही. तीच पाठवलीत.