नेव्हिल डिसोझाचा पगार

२०२४ मध्ये ‘मैदान’ सिनेमा आला, तेव्हा आमच्या घरातल्या पोरांना सय्यद अब्दुल रहीम हे नाव पहिल्यांदा कळलं. हैदराबादचा एक शाळामास्तर भारतीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक होतो आणि १९५१ व १९६२ अशी दोनदा आशियाई सुवर्णपदकं आणून देतो, याचं त्यांना मोठं अप्रूप वाटलं. मला मात्र रहीमसाहेबांच्या हाताखालच्या एका खेळाडूने धरून ठेवलं. त्याचं नाव नेव्हिल डिसोझा.

नेव्हिल १९३२ चा, गोव्यातल्या आसगावचा. तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि तिथली कित्येक घरं मुंबईच्या कमाईवर चालत. नेव्हिलही मुंबईत खेळला, आधी टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि नंतर कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघाकडून. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. त्या चारपैकी तीन गोल एकट्या नेव्हिलचे होते. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. म्हणजे ज्याचं गाव अजून भारतात आलेलं नव्हतं, त्याने भारताला ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत नेलं. तिथे युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच होता. पुढे सामना १-४ असा गेला आणि कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने आपल्याला ०-३ असं हरवलं. पण त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांमध्ये नेव्हिल होता.

आणि मग? १९५८ मध्ये कॅलटेक्सने मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले, पण त्यांच्या यादीत नेव्हिलचं नाव नाही. १९८० मध्ये, पन्नाशीही गाठली नव्हती, तेव्हा तो गेला. आज फुटबॉलवेड्या पोरांनाही त्याचं नाव सांगावं लागतं.

मला कुतूहल आहे ते वेगळ्या गोष्टीचं. असा माणूस खायचा काय? त्या काळात भारतात फुटबॉल हा पोटापाण्याचा धंदा नव्हता. कंपनी, रेल्वे, गोदी, पोलीस, लष्कर यांचे संघ असत. खेळाडूला तिथे नोकरी मिळे आणि पगार त्या नोकरीचा असे. विलायतेतही फार वेगळं नव्हतं. तिथे खेळाडूला आठवड्याला अमुक पौंडांहून जास्त द्यायचेच नाहीत, असा नियम १९६१ पर्यंत होता आणि शेवटी ती मर्यादा होती वीस पौंड. खालच्या डिव्हिजनमधल्या कितीतरी जणांना हंगाम संपला की दुसरं काम शोधावं लागे.

रहीमसाहेब स्वतः शिक्षक होते. त्यांनी घडवलेला सगळ्यात नावाजलेला क्लब कोणता, तर हैदराबाद सिटी पोलीस. या पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. मेलबर्नला खेळलेले अझीझुद्दीन आणि नूर मोहम्मद याच पोलीस संघाचे.

हैदराबाद आम्हाला परकं नाही. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका एकेकाळी निजामाच्या मुलखात होता, आणि आमच्या जिल्ह्यात सिरोंच्याकडे अजूनही मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. म्हणून त्या पोलीस संघाची गोष्ट वाचताना मला सारखा गडचिरोलीच आठवत होता.

कारण आमच्याकडे ‘पोलीस’ हा शब्द पोराच्या आयुष्यात फार लवकर येतो. इथे कारखाने थोडे आणि शेती पावसावर. बारावी झाली की घरोघरी एकच विषय, भरती. पहाटे रस्त्याच्या कडेने पोरं पळत असतात. गोंड, माडिया, ढिवर, बौद्ध, मुसलमान, सगळी एकाच रांगेत. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. माझा भाचा त्यातलाच एक. तो फुटबॉल चांगला खेळतो. आपा त्याला म्हणते, “बॉल सोड आता, गोळा उचल.”

एका संध्याकाळी मी त्याला नेव्हिलची गोष्ट सांगितली. म्हटलं, बघ, ऑलिम्पिक खेळलेला माणूससुद्धा कंपनीच्या संघातूनच आला होता. नोकरी धरली म्हणजे खेळ सुटतोच असं नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पण मामू, तेव्हा टाटा होती.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल यांनी पोरं निवडली ती त्यांचा खेळ बघून. पोराला खेळता यावं म्हणून नोकरी दिली जायची. पुढे हे संघ एकेक करून मिटले. १८९१ पासून चालत आलेला रोव्हर्स कपही नव्या शतकाच्या तोंडावर बंद पडला. आता सरकारी भरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. त्या असाव्यातच, गरिबाच्या पोराला तेवढाच आधार. पण त्यासाठी ठराविक पातळीच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. तिथवर पोचायला प्रशिक्षक लागतो, बूट लागतात, जाण्यायेण्याचा खर्च लागतो. आणि प्रमाणपत्र फायलीला लागलं की पुष्कळांचा खेळ तिथेच संपतो. आधी खेळासाठी नोकरी होती, आता नोकरीसाठी खेळ आहे.

आपा चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. घरात महिन्याला येणारा पगार काय असतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. नेव्हिलच्या आईलाही ते कळत असेल. फरक एवढाच की त्या आईला दोन्हींपैकी एक निवडावं लागलं नाही.

गोळा सोळा पौंडांचा असतो, फुटबॉल जेमतेम अर्ध्या शेराचा. भाचा सध्या पहाटे गोळा फेकतो आणि संध्याकाळी, आपाची नजर चुकवून, तासभर बॉल खेळतो. त्याची निवड होवो, ही माझी दुआ आहेच. पण जिथे त्याची नेमणूक होईल तिथे एक संघ असावा, आणि ड्यूटी संपल्यावर त्याला कुणीतरी “चल, मैदानावर” म्हणावं, अशीही एक दुआ मी मागतो. हैदराबादच्या पोलिसांना तसं म्हणणारा एक मास्तर होता.