नामशेष

आमच्या घरीं दिवेलागणीनंतर ‘साप’ हा शब्द कोणी उच्चारीत नसे. ‘लांबडें’ म्हणावें, किंवा नुसतें ‘जनावर’, असा आजीचा दंडक होता. नांव घेतलें कीं धनी हजर होतो, ही त्यामागील समजूत. ती केवळ आपल्याकडचीच नव्हे, हें पुढें शब्दांच्या व्युत्पत्ती वाचतांना मला समजलें.

अस्वलाचें संस्कृत नांव ऋक्ष. म्हणूनच जांबवंत हा ऋक्षराज. ग्रीकांचा ‘आर्क्टोस’ व रोमनांचा ‘उर्सुस’ हे याच शब्दाचे सोयरे. इंग्रज व जर्मन लोकांच्या पूर्वजांनीं मात्र हा शब्द पार टाकून दिला. आजच्या ‘बेअर’ या शब्दाचा मूळ अर्थ बहुतेक पंडित ‘तपकिरी’ असा करितात. कांहीं ‘रानटी श्वापद’ असा करितात. कोणताही घेतला तरी तें टोपणनांवच. रशियन ‘मेद्वेद’ म्हणजे तर सरळ मध खाणारा. त्यांतील ‘मेद’ हा आपल्या ‘मधु’चाच भाऊ. खरें नांव घेण्याचें भय, हेंच याचें कारण सामान्यतः सांगतात.

लांडग्याच्या नांवाची कथा याच्या उलट आहे. संस्कृत ‘वृक’ व इंग्रजी ‘वुल्फ’ एकाच मुळाचे. मराठींत ‘लांडगा’ रूढ झाला आणि वृक उरला तो भीमाच्या ‘वृकोदर’ या नांवांत. बारामतीस आर्याभारत रचणाऱ्या मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) वाचकांस तें नांव चांगलें परिचित आहे. इंग्लंडांत नांव टिकलें. पण तेथील रानांतला लांडगा कित्येक शतकांपूर्वींच संपला. ‘नामशेष’ हा आपला शब्द किती नेमका आहे, तें अशा वेळीं कळतें.

आपल्याकडे अजून तसें झालेलें नाहीं. बारामती तालुक्यांत सुप्याजवळ १९९७ सालीं चिंकाऱ्यांसाठीं मयूरेश्वर अभयारण्य झालें. इंदापुराकडे कडबनवाडीच्या गवताळ माळावर चिंकारा आहे आणि लांडगाही आहे. धनगराच्या कळपांतलें मेंढरूं तो उचलतो. त्या गरिबाचें नुकसान खरें आहे आणि त्याची भरपाई झालीच पाहिजे. परंतु लांडग्याचा खरा घात होतो तो माळ मोडल्यानें. त्या माळाला आपण ‘पडीक’ म्हणतों, आणि एकदां पडीक म्हटलें कीं नांगर घालावयास कोणाचा हात अडखळत नाहीं.

आजीच्या काळीं भयानें नांव लपविलें जाई, पण जनावर रानांत असे. आपल्या नातवंडांस ‘लांडगा’ हा शब्द ‘वृका’सारखा केवळ पोथींतून भेटूं नये, इतकें तरी आपण पाहावें.