मुक्काम न हलवता

पदवीला चांगले गुण मिळवलेल्या मुलीला आमच्याकडे सगळे एकच सांगतात: आता या विद्यापीठातून बाहेर पड. सल्ला चांगलाच आहे. रिचर्ड फाइनमन यांना एमआयटीतच पुढे शिकायचं होतं, कारण विज्ञानासाठी देशात याहून चांगली जागा नाही अशी त्यांची खात्री होती. तिथले भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख जॉन स्लेटर यांनी सांगितलं, तुला असं वाटतं म्हणूनच तू दुसरीकडे गेलं पाहिजेस. १९३९ मध्ये फाइनमन प्रिन्स्टनला गेले. तिथे त्यांना जॉन व्हीलर भेटले.

शिक्षक ही गोष्ट आवडीने सांगतात. फाइनमन तिथे व्हीलर यांचे पगारी संशोधन-साहाय्यक होते, हे मात्र सांगायचं राहून जातं. वडील गणवेशांच्या धंद्यात, घरची परिस्थिती बेताची. स्लेटर यांचा सल्ला अंमलात आला, कारण पलीकडे पोटापाण्याची सोय झाली होती.

आमच्या मुलींपुढे पलीकडे काय असतं? आधी मायग्रेशन सर्टिफिकेट, मग एलिजिबिलिटीचा फॉर्म. नव्या शहरात हॉस्टेलची यादी लागेपर्यंत कॉट बेसिसवर जागा, तिचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे. इथे हॉस्टेलचं दार ओळखीचं असतं, शिष्यवृत्तीचे कागद कुठे अडतात ते ठाऊक असतं आणि ग्रंथालयात ‘कमवा आणि शिका’चे तास मिळालेले असतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते याच तत्त्वावर. श्रमाच्या पैशावर शिकणाऱ्या मुलीने आहे तिथेच एम.एस्सी. करायचं ठरवलं, तर तिला धाडस नाही असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. घरून येणारी मनीऑर्डर थांबवता येणं हेही धाडसच आहे.

मोठ्या संस्थांतही पैसा माणसाला धरून ठेवतो. आयआयटीतून ८ च्या वर सीजीपीए घेऊन बी.टेक. झालेल्याला एम.टेक.साठी गेट द्यावी लागत नाही आणि महिना १२,४०० रुपये मिळतात. पंतप्रधान संशोधन फेलोशिप २०१८ मध्ये आली, तिची सुरुवातच महिना ७०,००० रुपयांपासून. घर चालेल एवढी ही रक्कम आहे.

तरी स्लेटर यांची भीती खरीच आहे. एकाच विभागात सहा-सात वर्षं काढली की कोणते प्रश्न सरांना आवडत नाहीत ते कळतं, आणि हळूहळू ते सुचेनासे होतात. ही झीज गुणपत्रिकेत दिसत नाही. तिचा भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. ज्या विभागाला हुशार मुलगी घरच्या घरी मिळाली, त्याने तिला बाहेरची हवा मिळवून दिली पाहिजे. २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. दुसऱ्या संस्थेत पूर्ण केलेल्या विषयाचं श्रेय इथल्या पदवीत धरता येतं. म्हणून विभागाच्या बैठकीत माझी मागणी ठरलेली असते: इथेच राहिलेल्या प्रत्येकीला एक सत्र दुसरीकडे पाठवा, जाण्यायेण्याचं आणि राहण्याचं भाडं विभागाने द्यावं, प्रबंधाला दुसरा मार्गदर्शक बाहेरचा असावा, आणि या काळात तिची हॉस्टेलची खोली दुसऱ्या कुणाला देऊ नये.